अजिंठ्याच्या अंधारात डोळ्यांना वेळ द्या

अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात उन्हातून थेट आत आलेले बरेच जण हाती कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या, म्हणजे पद्मपाणीच्या चित्रासमोर क्षणभर थांबतात, ‘फोटोत याहून छान दिसतं’ म्हणतात आणि पुढच्या लेण्याकडे निघतात. याचं मला फार वाईट वाटतं. दीड हजार वर्षं टिकलेलं चित्र समोर असतं, पण डोळे अजून बाहेरच्या उन्हाला सरावलेले असतात.

प्रखर उजेडात डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलावरच्या, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य विघटित होतं. अंधारात ते परत तयार होतं, पण सावकाश. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी साधारण १० मिनिटांत सावरतात, दंडपेशींना मात्र अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. त्यातच उजेड अगदी कमी असला की तांबडा रंग आधी काळवंडतो. अजिंठ्याच्या भिंतींवर तर गेरूच्या तांबूस-तपकिरी छटा जागोजागी आहेत. घाईत पाहणाऱ्याला त्या एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या तर नवल नाही.

म्हणून बाहेर उन्हात चालताना गॉगल लावावा, आत गेल्यावर लगेच चित्राकडे न धावता एखाद्या काळोख्या कोपऱ्याकडे पाहत थांबावं. आणि मोबाइल खिशातच ठेवावा, कारण त्याच्या पडद्याकडे नजर गेली की डोळ्यांनी कमावलेलं बरंचसं पुन्हा जातं.

डोळे सरावले तरी चित्र एका नजरेत मावत नाही. आपल्याला अगदी स्पष्ट दिसतो तो भाग फार छोटा असतो: हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा. बाकीचं सगळं नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारत गोळा करते. या उड्या कुठे पडतात, हे रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यारबुस यांनी नोंदवलं. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. इल्या रेपिन यांचं एक चित्र त्यांनी एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं. खोलीत अनपेक्षितपणे परतलेला एक माणूस आणि चकित झालेलं कुटुंब, असं ते चित्र. ‘यांची वयं काय असतील?’ असं विचारल्यावर नजर चेहऱ्यांवर फिरत राहिली. ‘घरची परिस्थिती कशी आहे?’ म्हटल्यावर कपड्यांवर आणि सामानावर गेली. प्रश्न बदलला की नजरेचा रस्ताच बदलला.

अजिंठ्याला हे फार लागू पडतं. १७ नंबरच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा भिंतभर पसरली आहे: फुटलेलं जहाज, राक्षसिणींचं बेट, उडणारा घोडा, राजवाडा, युद्ध. ही कथा डावीकडून उजवीकडे सलग वाचायला गेलं तर हाती काही लागत नाही. चित्रकारांनी प्रसंग काळाच्या क्रमाने न लावता बऱ्याचदा जागेप्रमाणे मांडले आहेत, आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा दिसतो. कथा ठाऊक नसलेल्याला ती नुसती गर्दी वाटते. ठाऊक असलेला मात्र ‘सिंहल आता कुठे आहे?’ असं विचारत भिंतीवर फिरू लागतो.

तेव्हा जाण्याआधी एक-दोन जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, आणि सिंहलाची गोष्ट घरीच वाचून घ्या. आणि दिवसभरात सगळी लेणी उरकण्यापेक्षा १ आणि १७ ही दोनच निवडा, शक्यतो सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत.