कुट्टू खा, गोळी सोडा?

नवरात्र जवळ आली की सांगलीच्या गणपती पेठेत राजगिऱ्याशेजारी कुट्टूच्या (म्हणजे बकव्हीटच्या) पिठाची पाकिटं दिसतात, आणि व्हॉट्सॲपवर तोच जुना संदेश फिरतो: ‘कुट्टूत रुटिन असतं. नऊ दिवस खा, साखर-बीपी उतरेल, गोळी सोडा.’

रुटिन हे वनस्पतींतलं एक अँटिऑक्सिडंट. ते कुट्टूत असतं, हे खरं. पण किती? हिमालयाच्या पट्ट्यात कुट्टूच्या दोन जाती पिकतात. कडवट टार्टरी जातीच्या दाण्यात रुटिन भरपूर, साध्या जातीत कैक पटींनी कमी. पाकिटावर जात सहसा नसतेच. त्यात गंमत अशी, की टार्टरीचं पीठ पाण्यात कालवलं की पिठातलंच एक विकर (एन्झाइम) रुटिन फोडून त्याचं क्वेरसेटिन नावाचं दुसरं संयुग करतं. भाकरीचा कडवटपणा वाढतो तो त्यामुळे. उरलेलं रुटिनही रक्तात सहज शिरत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू आधी त्याचे तुकडे करतात. परीक्षानळीतला अँटिऑक्सिडंटचा आकडा शरीराला जसाच्या तसा लागू होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने असल्या आकड्यांची यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली ती उगाच नाही.

कुट्टू वाईट नाही. प्रथिनं चांगली, ग्लूटेन नाही (पुरी लाटताना फाटते, म्हणून तर उकडलेला बटाटा घालतात). साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा मी कुट्टूच घेईन, पण तव्यावरचा. तळलेल्या पुऱ्या नव्हेत. काहींना त्याची तीव्र ॲलर्जीही असते. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासातला डोस डॉक्टरांनाच विचारा, घट बसायच्या आधी.