रशियन ब्लू
आखूड, दाट केसांची, निळसर करड्या रंगाची पाळीव मांजराची जात. वजन साधारणतः ३ ते ५.५ किग्रॅ.; बांधा सडपातळ, डोळे हिरवे.

श्वेत समुद्राकाठच्या अर्खांगेल्स्क बंदरातून खलाशांनी ही मांजरे १८६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये आणली, असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. ‘आर्केंजल मांजर’ या जुन्या नावाचा त्याला आधार दिला जातो. परंतु त्या काळी निळ्या मांजरांना ‘माल्टीज’ व ‘स्पॅनिश’ही म्हणत, तेव्हा हा पुरावा दुबळा आहे. झारच्या राजवाड्याशी नाते सांगणाऱ्या कथा दंतकथाच मानाव्यात. १८७५ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात ही मांजरे होती. पुढेही त्यांची गणना ब्रिटिश निळ्या मांजरांतच होई. प्रदर्शनांत स्वतंत्र गट १९१२ मध्ये मिळाला. दुसऱ्या महायुद्धात संख्या फार घटली. त्यानंतर ब्रिटन व स्कँडिनेव्हियात सयामी मांजरांशी संकर झाले. त्यामुळे आजची जात निव्वळ रशियन समजण्यापेक्षा निवड पैदाशीचे फलित समजणे अधिक सयुक्तिक ठरते.

निळा रंग हे काळ्या रंगाचेच विरळ रूप. मेलॅनोफिलीन जनुकातील अप्रभावी (आई-बाप दोघांकडून आल्यासच परिणाम दाखवणाऱ्या) उत्परिवर्तनामुळे, म्हणजे बदलामुळे, रंगद्रव्याचे कण केसात सारखे न पसरता गुठळ्यांनी साचतात. केसांची टोके फिकी असल्याने अंगावर रुपेरी झाक दिसते. पिलांच्या अंगावरील पुसट पट्टे वाढत्या वयात जातात. केसांचा थर दुहेरी असतो. इतर निळ्या जातींपैकी थायलंडच्या कोरात मांजरात तो एकेरी असतो, तर फ्रान्सच्या शार्त्रू मांजराचे डोळे सोनेरी ते तांबूस असतात.

स्वभाव बुजरा. अनोळखी माणूस दिसताच मांजर लपते, घरातील एखाद्या व्यक्तीचा मात्र तिला विशेष लळा लागतो. नव्या घरात प्रथम एकाच शांत खोलीत ठेवावे. लपायला खोके व चढायला उंच जागा द्यावी, ओढून बाहेर काढू नये. जेवणाची वेळ शक्यतो बदलू नये. ही मांजरे खादाड असल्याने अन्न मोजून द्यावे. आठवड्यातून एकदा विंचरणे पुरते. केस गळण्याच्या दिवसांत अधिक वेळा विंचरावे. या जातीमुळे ॲलर्जी होत नाही, हा विक्रेत्यांचा दावा स्वीकारण्याजोगा नाही: ॲलर्जीस कारणीभूत प्रथिन मांजराच्या लाळेत व त्वचेत असते, ते याही जातीत असतेच.