लष्करी बिल्ले, युद्धकालीन गणवेशावरील

सैनिकाची पलटण, डिव्हिजन (अनेक पलटणींची मोठी सैन्यरचना), हुद्दा व कामगिरी दर्शविणारी टोपी, खांदा, दंड वा छातीवरील चिन्हे. ती धातूची, विणलेली, भरतकामाची किंवा कापडावर छापलेली असतात. हुद्द्याच्या फिती सर्वपरिचित आहेत.

दंडावर डिव्हिजनचे कापडी चिन्ह लावण्याच्या प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तो अमेरिकन यादवी युद्धात शोधतात. १८६२ मध्ये उत्तरेकडील सैन्याचे सेनापती फिलिप कर्नी यांनी आपले अधिकारी ओळखू यावेत म्हणून टोपीला लाल कापड लावायला सांगितले. १८६३ मध्ये त्याच बाजूचे सेनापती जोसेफ हूकर यांच्या सैन्यात प्रत्येक कोअरला (अनेक डिव्हिजनांच्या गटाला) स्वतंत्र आकार आणि त्यातील डिव्हिजनांना वेगवेगळे रंग मिळाले. मात्र ही चिन्हे प्रामुख्याने टोपीवर असत. त्यामुळे दंडावरील चिन्हाचे मूळ पहिल्या महायुद्धात मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ऑस्ट्रेलियन सैन्याने १९१५ मध्ये रंगीत ठिगळे स्वीकारली; त्यांत आकारावरून डिव्हिजन कळे (पहिलीचा आडवा आयत, दुसरीचा पत्त्यांतील चौकटसारखा आकार). ब्रिटिश तुकड्यांत ही प्रथा साधारण १९१६ पासून फोफावली. अमेरिकेच्या ८१ व्या डिव्हिजनचे रानमांजर १९१८ मधले.

दुसऱ्या महायुद्धातील भारतीय डिव्हिजनांपैकी चौथीचे लाल गरुड, पाचवीचे काळ्यावर लाल वर्तुळ आणि विसावीचे तलवार धरलेला हात ही चिन्हे होती. सतराव्या डिव्हिजनने आधीची विजेची रेघ सोडून काळे मांजर घेतले, ते बहुधा १९४२ च्या ब्रह्मदेशातील माघारीनंतर. म्हणून मांजर दिसणारे छायाचित्र त्या माघारीतले मानू नये.

टोपीवरील बिल्ल्यावरून पलटण ठरविताना घाई घातक ठरते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यात बिगुल आहे, पण बिगुल हे लाइट इन्फंट्री व रायफल पलटणींचे सामाईक चिन्ह आहे.

छायाचित्रातील रंग विशेष फसवे असतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ संवेदनशील नसते. लाल काळपट, तर निळा फिकट उमटतो. पाचव्या डिव्हिजनचे वर्तुळ अशा फिल्मवर पार्श्वभूमीत विरून दंडावर नुसता काळा चौकोन दिसू शकतो. सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या पँक्रोमॅटिक फिल्मवर हा दोष बराच कमी असतो. तेव्हा फिल्मचा प्रकार न पाहता रंगांवरून पदकांच्या फिती ओळखणे धोक्याचे. शिवाय सेन्सॉर काही छायाचित्रांतील चिन्हे खरवडून वा रंगवून टाकीत.