टिपणपेटी

टिपणपेटी : वाचनातून व चिंतनातून हाती आलेल्या गोष्टी सुट्या चिठ्ठ्यांवर किंवा कार्डांवर लिहून, त्या पुन्हा सापडतील आणि एकमेकींना जोडता येतील अशा रीतीने जपण्याची पद्धत, तसेच या चिठ्ठ्या ठेवण्याची पेटी. वहीतले टिपण जिथे लिहिले तिथेच राहते, चिठ्ठी मात्र उचलून दुसरीकडे लावता येते. पुढचा सगळा डोलारा या एका फरकावर उभा आहे. संगणकावरील टिपणसंग्रहांनाही आता हेच नाव दिले जाते.

उगम : याविषयी एकमत नाही. बहुतेक लेखक झुरिकचे निसर्गशास्त्रज्ञ व सूचिकार कोनराट गेस्नर (१५१६–६५) यांच्यापासून सुरुवात करतात. १५४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘पांदेक्ते’ या ग्रंथात सूची तयार करण्याची कृती दिलेली आहे. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे, प्रत्येक बाब नव्या ओळीवर घ्यावी, मग कात्रीने पट्ट्या कापून हव्या त्या क्रमाने मांडाव्यात. मात्र क्रम पक्का झाला की पट्ट्या सहसा चिकटवल्या जात. म्हणजे सुटेपणा कामापुरता होता, तो टिकवण्याचा हेतू नव्हता. त्यामुळे गेस्नर यांना कापण्याच्या तंत्राचे श्रेय द्यावे, पेटीचे नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

खास या कामासाठी आखलेले कपाट साधारणपणे १६४० च्या दशकात इंग्लंडमधील थॉमस हॅरिसन यांनी कल्पिले. त्यात प्रत्येक विषयाच्या नावाखाली हूक असे आणि त्यात चिठ्ठ्या अडकवल्या जात. जर्मन विद्वान व्हिन्सेंट प्लाकियस यांनी १६८९ मध्ये टिपणकलेवरील आपल्या ग्रंथात या कपाटाचे वर्णन छापले. जर्मन तत्त्वज्ञ व गणिती लायप्निट्स यांच्याकडेही असे एक कपाट होते, असे सांगितले जाते.

तिसरे नाव स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांचे. सुमारे १७६७ पासून ते वनस्पतींची व प्राण्यांची माहिती एकाच मापाच्या चिठ्ठ्यांवर उतरवू लागले. नवी जात कळली की नवी चिठ्ठी मधे सरकवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. अशा हजाराहून अधिक चिठ्ठ्या लंडनच्या लिनीअन सोसायटीत आहेत. आकार एकसारखा आणि जागा कायम बदलती, या दोन्ही कसोट्या लावल्या तर आजच्या कार्डाचे सर्वांत जवळचे पूर्वज म्हणून याच चिठ्ठ्यांकडे पाहावे लागते.

फ्रान्समध्ये कार्डाने वेगळीच वाट धरली. क्रांतीनंतर जप्त झालेल्या ग्रंथसंग्रहांची यादी करण्यासाठी १७९१ च्या सूचनांनुसार खेळण्याचे पत्ते वापरले गेले. त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे. शिवाय ते जाड, सारख्या मापाचे आणि सहज मिळणारे होते. ग्रंथालयीन कार्डाचा पुढचा विस्तार सर्वपरिचित आहे. पॉल ऑटले व आंरी ला फोंतेन यांनी १८९५ मध्ये ब्रुसेल्स येथे सुरू केलेल्या जागतिक ग्रंथसूचीत पुढे १ कोटीहून अधिक कार्डे जमली.

क्रमांकन : व्यक्तिगत टिपणपेटीची चर्चा आज प्रामुख्याने जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–९८) यांच्याभोवती फिरते. त्यांच्या दोन संग्रहांत मिळून सुमारे ९०,००० कार्डे आहेत. बीलेफेल्ट विद्यापीठाने ती २०११ मध्ये मिळवली. विषयवार कप्पे करण्याऐवजी प्रत्येक कार्डाला कायमचा पत्ता देणे, हे त्यांचे वैशिष्ट्य. १९८१ च्या एका निबंधात त्यांनी ही रीत सांगितली आहे. ५७/१२ या कार्डावरील मजकूर सरळ पुढे गेला तर पुढचे कार्ड ५७/१३. पण ५७/१२ मधल्या एखाद्या शब्दावरून फाटा फुटला तर ते ५७/१२अ, आणि ते या दोहोंच्या मधे ठेवायचे. रोमन लिपीतील अक्षराऐवजी येथे ‘अ’ घेतला आहे. अशा रीतीने पेटी आतून कुठेही वाढू शकते आणि जुना क्रमांक एकदाही बदलावा लागत नाही. दूरच्या कार्डाचा उल्लेख करायचा तर नुसता त्याचा क्रमांक लिहायचा.

हा क्रमांक वर्गीकरण दर्शवतो की केवळ ठिकाण, यावर मतभेद आहेत. शेजारच्या कार्डांत विषयाचे सातत्य दिसते, हे खरे. पण लूमान यांचा स्वतःचा भर आशयानुसार रचना करण्याविरुद्ध होता, म्हणून ‘ठिकाण’ हा अर्थ सयुक्तिक ठरतो. या मुद्द्याला व्यवहारात फार महत्त्व आहे. विषयांची चौकट आधी आखून मग टिपणे भरू पाहणाऱ्याला दोन कप्प्यांत बसणारे पहिलेच टिपण अडवते. पत्ता आधी दिला की ते टिपण कुठेही राहू शकते आणि दुसऱ्या विषयातून त्याकडे बोट दाखवता येते. लूमान यांच्या विपुल लेखनाचे श्रेय पेटीला किती आणि रोज नेटाने बसून काम करण्याच्या त्यांच्या सवयीला किती, हे मात्र वेगळे काढता येत नाही.

संगणकीय रूप : अमेरिकी अभियंते व्हॅनिव्हर बुश यांनी जुलै १९४५ मध्ये मांडलेल्या ‘मेमेक्स’ या काल्पनिक यंत्रात सूक्ष्मपटांवरील (मायक्रोफिल्मवरील) मजकुरांना जोडणाऱ्या वाटा होत्या, ते यंत्र बनले नाही. १९८७ मध्ये ॲपलचे हायपरकार्ड हे दुव्यांनी जोडलेल्या कार्डांचे सॉफ्टवेअर आले, १९९५ मध्ये संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांचे विकी, म्हणजे वाचकांनाच बदलता येणाऱ्या व परस्परांना जोडलेल्या पानांचे संकेतस्थळ. २०२० मध्ये आलेल्या ऑब्सिडियन या टिपणांच्या सॉफ्टवेअरसारख्या साधनांत एखाद्या टिपणाकडे कोणकोणती टिपणे निर्देश करतात ते आपोआप दिसते. कागदावर ही नोंद दोन्ही कार्डांवर हाताने करावी लागे. शोधाची सोय असल्याने क्रमांकाची गरज उरली नाही, असे अनेकजण मानतात. मात्र फाइलचे नाव हाच दुव्याचा आधार असेल, तर त्या साधनाबाहेर नाव बदलताच दुवे तुटतात. म्हणून काही वापरकर्ते नावाच्या आरंभी टिपण लिहिल्याची तारीख व वेळ जोडून केलेला बारा अंकी आकडा घालतात आणि पुढे शीर्षक कितीही बदलले तरी तो आकडा तसाच ठेवतात.