‘द स्कल’: कवटीमागचा माणूस

‘द स्कल’ (१९६५) या ब्रिटिश भयपटाचं मूळ १९४५ साली एका अमेरिकी नियतकालिकात आलेल्या कथेत आहे. कथेच्या शीर्षकात मार्की द सादचं नाव होतं; क्रूर, कामुक लिखाणामुळे बदनाम झालेला हा फ्रेंच उमराव-लेखक, आणि कथेतली कवटी त्याचीच. चित्रपटाच्या नावातून ते गळलं. फ्रान्समध्ये मात्र वितरकांनी ते पुन्हा आणलं, ‘मार्की द सादचे अपराध’ अशा अर्थाचं नाव दिलं. सादच्या वंशजांनी हरकत घेतली आणि तिथे चित्रपट ‘दुष्ट कवटी’ अशा अर्थाच्या नावाने लागला.

ही हरकत म्हणजे घराण्याचा पोकळ अभिमान, असं म्हणणं अन्यायाचं होईल. साद १८१४ मध्ये शारांतोंच्या वेड्यांच्या इस्पितळात वारला. आपल्याला रानात पुरावं, वर ओकची बी पेरावी, थडग्याची खूणही राहू नये, असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं होतं. त्याला पुरलं इस्पितळाच्या दफनभूमीत, तेही धार्मिक विधीने. पुढे कबर उकलली तेव्हा तिथल्याच एका डॉक्टरने कवटी ठेवून घेतली. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या एका जर्मन तज्ज्ञाने ती त्याच्याकडून नेली, ती परत आलीच नाही. डॉक्टरची नोंद मात्र उरली: या कवटीत क्रौर्याची खूण नाही, एखाद्या ख्रिस्ती धर्माचार्याची असावी तशी ती आहे.

चित्रपटात याच्या नेमकं उलट घडतं. तिथे कवटीच माणसं मारते. मृताच्या इच्छेविरुद्ध उचललेल्या हाडालाच गुन्हेगार ठरवलं, ही गोष्ट मला आजही खटकते. शिवाय काळ नाजूक होता. सादचे ग्रंथ छापल्याबद्दल पॅरिसमध्ये एका प्रकाशकावर १९५६ मध्येच खटला चालला होता, आणि घराण्याने जपलेली कागदपत्रं अभ्यासकांना दुसऱ्या महायुद्धानंतर कुठे पाहायला मिळू लागली होती. अशा वेळी ते नाव भिंतीभिंतीवर भयपटासाठी लागणं वंशजांना झोंबणारच.

चित्रपट म्हणून त्याची थोरवी वेगळीच आहे. निर्मात्याने स्वतः लिहिलेली संहिता तोकडी पडली, म्हणून मूळचा छायालेखक असलेल्या दिग्दर्शकाने उत्तरार्ध कॅमेऱ्यानेच रंगवला. शेवटच्या भागात जवळजवळ संवाद नाहीत, आणि काही दृश्यं आपण कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीतून पाहतो. तो निःशब्द भाग तोलून धरतं ते संगीत. सप्तकातल्या बाराही सुरांना सारखंच महत्त्व देणारी ‘बारा सुरांची’ रचनापद्धती ब्रिटनमध्ये रुजवणाऱ्यांपैकी एका संगीतकार बाईंचं ते काम आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना फार कमी वेळा दिलं जातं.