नवं गणित, लष्करी राजवट आणि ग्रेस अलेले-विल्यम्स

२५ मार्च २०२२ रोजी ग्रेस अलेले-विल्यम्स वयाच्या ८९ व्या वर्षी लागोसमध्ये वारल्या. बातम्यांनी त्यांची ओळख दोन ओळींत उरकली: डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या नायजेरियन स्त्री आणि देशातल्या पहिल्या महिला कुलगुरू. दोन्ही खरंच आहे. पण डॉक्टरेट १९६३ ची आणि कुलगुरुपद १९८५ चं. मधली बावीस वर्षं अभ्यासक्रम समित्या, परीक्षा मंडळं, पाठ्यपुस्तकं अशा रुक्ष कामात गेली, त्याची बातमी होत नाही. नायजेरियातल्या शिक्षणाचं खरं राजकारण मात्र तिथंच शिजत होतं.

त्यांचा जन्म १६ डिसेंबर १९३२ चा, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या वॉरी या बंदरगावी, इत्सेकिरी समाजात. पुढचं शिक्षण लागोसच्या क्वीन्स कॉलेजात. इंग्रज सरकारनं लागोसमध्ये मुलांसाठी किंग्ज कॉलेज काढलं १९०९ मध्ये. मुलींच्या शाळेला १९२७ साल उजाडलं, तेही शहरातल्या बायकांनी सरकारची पाठ सोडली नाही म्हणून. मग इबादानचं युनिव्हर्सिटी कॉलेज, स्थापना १९४८. १९५४ मध्ये त्या गणित घेऊन पदवीधर झाल्या तेव्हा इबादानच्या पदव्या लंडन विद्यापीठाच्या नावानं मिळत.

त्यानंतर पश्चिम नायजेरियातल्या एडे गावातल्या मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या, आणि वेळ मोठी नाट्यमय होती. जानेवारी १९५५ पासून पश्चिम प्रांतात ओबाफेमी आवोलोवो यांच्या सरकारनं प्राथमिक शिक्षण मोफत केलं. पटावरची मुलं साडेचार लाखांच्या आसपास होती, ती एका वर्षात आठ लाखांच्या वर गेली. बाकं कमी, पुस्तकं कमी, आणि शिकवायला माणसं तर त्याहून कमी. इतक्या पोरांना गणित शिकवायचं कुणी आणि कसं, हा प्रश्न अलेले-विल्यम्स यांना जन्मभर पुरला. पुढे अमेरिकेत व्हर्माँट आणि मग शिकागो विद्यापीठात गेल्या, त्याही गणितशिक्षण हा विषय घेऊन. त्यांना सरसकट ‘गणितज्ञ’ म्हणतात, पण नवी प्रमेयं सिद्ध करणं हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांचा प्रांत शाळेचा फळा.

त्या परतल्या तेव्हा आफ्रिकेत ‘नव्या गणिता’ची लाट होती. १९५७ मध्ये रशियाचा स्पुत्निक उडाला, अमेरिकेनं धसका घेऊन शाळेतलं गणित बदलायला काढलं, आणि तेच वारं आफ्रिकेत आलं. १९६२ पासून युगांडातल्या एन्टेबे इथं उन्हाळी कार्यशाळांत आफ्रिकन, अमेरिकन आणि ब्रिटिश शिक्षक एकत्र बसून पुस्तकं लिहीत. १९६३ ते १९७५ या काळात अलेले-विल्यम्स या उपक्रमात होत्या. पाढे पाठ करण्याआधी पोरानं ‘संच’ समजून घ्यावा, आपण दहाच्या पटीत मोजतो तो केवळ एक पर्याय आहे हे ओळखावं, अशी ती कल्पना. आपल्याकडेही संच, उपसंच, वेन आकृत्या आल्या त्या याच लाटेवर, आणि घरोघरचे पालक तसेच चक्रावले.

गंमत अशी की दहाखेरीज दुसऱ्या पायावर मोजणं पश्चिम नायजेरियातल्या योरुबा भाषा बोलणाऱ्या पोरांना घरातच ऐकायला मिळे. योरुबात पंचेचाळीस म्हणायचं तर ‘पन्नासाला पाच कमी’. पन्नास म्हणजे ‘साठाला दहा कमी’, आणि साठ म्हणजे तीन विसा. आपलं ‘एकोणपन्नास’ आणि आजीच्या तोंडचं ‘तीन विसा’ एकत्र केलं की झालं योरुबा गणित. मला विचाराल तर नव्या गणिताला तिथं रुजायला याहून चांगली माती नव्हती. पण शिक्षकांनाच संच उमगले नव्हते. अलेले-विल्यम्स यांनी १९७४ मध्ये या नव्या, म्हणजे ‘आधुनिक’, गणितावर पुस्तिका काढली, तीही शिक्षकांसाठीच.

तोवर उशीर झाला होता. १९७६ मध्ये त्या लागोस विद्यापीठात गणितशिक्षणाच्या प्राध्यापक झाल्या आणि त्याच वर्षी सरकारनं देशभर प्राथमिक शिक्षण मोफत केलं. १९५५ ची गर्दी पुन्हा, कितीतरी पटींनी. जानेवारी १९७७ मध्ये बेनिन सिटीतल्या बैठकीनंतर शिक्षणखात्याचे प्रमुख कर्नल अहमदू अली यांनी शाळांतून आधुनिक गणित रद्द केलं. कर्नलसाहेब पेशानं लष्करी डॉक्टर. पुढच्याच वर्षी फी-वाढीवरून विद्यार्थी ‘अली मस्ट गो’ म्हणत रस्त्यावर आले, तेच हे अली.

आठ वर्षांनी त्याच बेनिन सिटीत अलेले-विल्यम्स कुलगुरू म्हणून आल्या. (हे बेनिन म्हणजे शेजारचा देश नव्हे, १८९७ मध्ये इंग्रजांनी जिथली पितळी शिल्पं लुटली ते नायजेरियातलं शहर.) नेमणूक लष्करी राजवटीत. देशाच्या उत्तर भागातल्या बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं त्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं की त्या खुर्चीचं वजन कळतं. विद्यापीठात गुप्त टोळ्यांची दहशत होती. ‘ब्लॅक अ‍ॅक्स’ची मुळं तर याच आवारातली, १९७७ ची. टोळ्यांपुढे त्या नमल्या नाहीत, याचं श्रेय त्यांना सगळेच देतात.

दुसरी बाजू श्रद्धांजलीच्या लेखांत सहसा येत नाही. त्यांच्याच कारकिर्दीत, १९८७ मध्ये, बेनिनचे प्राध्यापक आणि कादंबरीकार फेस्टस इयायी यांना नोकरीतून काढलं गेलं. ते प्राध्यापकांच्या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष होते. १९८८ मध्ये सरकारनं संघटनेवरच बंदी घातली. १९८९ मध्ये काटकसरीच्या आर्थिक धोरणाविरुद्ध दंगली पेटल्या तेव्हा बेनिनही त्यात होतं. लष्करानं नेमलेल्या कुलगुरूला लष्कराशी भांडायला वाव किती, याचा हिशेब सोपा नाही. पण इयायींची नोकरी गेली, हेही तितकंच खरं.

१९९१ मध्ये त्यांनी पद सोडलं. बेनिन विद्यापीठाला दुसऱ्या महिला कुलगुरू, लिलियन सलामी, मिळाल्या त्या २०१९ च्या डिसेंबरात. त्याच महिन्यात अलेले-विल्यम्स सत्त्याऐंशीच्या झाल्या.