घरगुती प्रायमर (मिनिएचरसाठी)

घरगुती प्रायमर : युद्धखेळांतील सैनिक किंवा रेल्वेच्या प्रतिकृतींतील माणसे अशा छोट्या मूर्ती (मिनिएचर) रंगवण्याआधी त्यांवर द्यायचे, घरीच कालवलेले स्वस्त अस्तर. खेळांतल्या मूर्ती बहुधा २८ ते ३२ मिमी मापाच्या असतात; त्या पॉलिस्टायरीन, रेझिन किंवा कथिलाच्या मिश्रधातूच्या बनवतात. यांपैकी काहीच पाणी शोषत नाही. कोऱ्या प्लॅस्टिकच्या चेहऱ्यावर ॲक्रिलिक रंगाचा थेंब टेकवला, की तो अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होतो. नाकाचा शेंडा उघडा पडतो आणि डोळ्यांच्या खोबणीत रंग साचतो.

अस्तराचे मूळ तत्त्व जुनेच आहे : पांढरी भुकटी आणि तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. युरोपातल्या गेसोत, म्हणजे चित्राखालच्या पांढऱ्या अस्तरात, खडू किंवा जिप्सम प्राणिज सरसात कालवत. सावंतवाडीच्या गंजिफांना (हाताने रंगवलेल्या खेळण्याच्या पत्त्यांना) चिंचोक्याची खळ आणि खडू लागतो. मिनिएचरसाठी दोन भाग मॅट ॲक्रिलिक रंग, एक भाग मॅट मीडियम (रंगद्रव्य नसलेले, चमक न देणारे ॲक्रिलिक माध्यम) आणि चिमूटभर वस्त्रगाळ टाल्क (शंखजिरे) घ्यावी. मिश्रण दुधाइतके पातळ होईपर्यंत थेंबथेंब पाणी घालावे. टाल्कमुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि वरचा रंग धरतो. बाटली हलवू नये, काडीने ढवळावे; हलवल्याने आलेला बुडबुडा वाळताना फुटला, तर चिलखतावर खड्डा राहतो.

मीडियमऐवजी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद अनेकजण वापरतात. तो स्वस्त पडतो, पण पाणी लागले की पुन्हा मऊ होतो, त्यामुळे पातळ रंगाचे हात देताना खालचे अस्तर सुटू शकते. प्लास्टर ऑफ पॅरिस तर घालूच नये. ते पाण्यात घट्ट होते आणि त्याचे कण बारीक कोरीवकाम बुजवतात.

मूर्ती आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासावी, कारण रेझिनवर साच्याचे तेलकट द्रव्य राहिलेले असते. मऊ ब्रशने दोन पातळ हात द्यावेत आणि रात्रभर वाळू द्यावे. पावसाळ्यात तर हे अस्तर फारच सोयीचे : दमट हवेत विकतचा स्प्रे प्रायमर धुरकट बसतो, हे मात्र खिडकी लावूनही मारता येते, फक्त वाळायला वेळ जास्त लागतो. त्याची पकड वरवरची असते, प्लॅस्टिकला ती पुरते; सतत हाताळल्या जाणाऱ्या धातूच्या मूर्तीला मात्र कडांवर ते लवकर उडते, तिथे विकतचा धातूचा प्रायमरच घ्यावा.